साडेचार सेकंद

साठ किलोचा स्क्वॉट मारणारी बाई डोळे मिटून एका पायावर साडेचार सेकंदांच्या वर उभी राहू शकत नाही, ही बातमी मला माझ्याचबद्दल मिळाली, आणि ती दिली पंचविशीतल्या एका फिजिओ मुलीनं, जी स्टॉपवॉच बंद करताना हसू दाबत होती. मी म्हटलं परत घे, मी रेडी नव्हते. परत घेतलं. सव्वातीन.

तर थोडं मागं जाते. चाळिशी ओलांडल्यावर शुगर बॉर्डरला आली आणि मी जिम लावली. बँकेतली नोकरी, दिवसभर खुर्ची, घरी आल्यावर ओटा, त्यामुळं व्यायाम म्हणजे वजनं उचलायची हे डोक्यात पक्कं बसलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलंच. दोन वर्षांत गॅसचा भरलेला सिलिंडर मी एकटी हलवायला लागले, नवरा नुसता बघत बसायचा. मग साताऱ्यात राहणाऱ्या माणसाचं पुढं जे होतं तेच माझं झालं, हिल मॅरेथॉनचं खूळ लागलं. आमची साताऱ्याची हाफ मॅरेथॉन म्हणजे यवतेश्वरचा घाट चढून वर जायचं आणि तोच घाट उतरून परत यायचं, २१ किलोमीटर, तेही पावसाळा सरता सरता. सगळे भीती घालतात ती चढाची. पण चढाला दम लागतो, आणि दम काय, दोन मिनिटं थांबलं की परत येतो. जे काय व्हायचं ते उतारावर होतं, कारण उतारावर प्रत्येक पावलाला आपण ब्रेक लावत असतो, मांडीचे स्नायू ताणले जाता जाता भार झेलत असतात, आणि वरून आपल्याला वाटत असतं की आता काय, उतार आहे, सोपं आहे.

सरावाचा रविवार होता. मी उतारावर, पाय थकलेले, आणि मी मान खाली घालून मनगटावरच्या घड्याळात पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागतायत ते, बघत होते. डांबर संपून साइडपट्टी लागते तिथं दोन-अडीच इंचांची पायरी होती, उजवं पाऊल अर्धं वर पडलं अर्धं खाली, आत वळलं, आणि जुनी चादर टर्रकन फाटावी तसं काहीतरी घोट्यात आतल्या आत झालं. पुढचं पाऊल टाकायच्या आत मी कठड्यावर बसलेली होते, कशी बसले ते आठवत नाही.

पाय मुरगळला की गावातला प्रत्येक माणूस डॉक्टर होतो. ग्रुपमधल्या एकानं बर्फ सांगितला, दुसऱ्यानं बर्फ अजिबात नको म्हणून सांगितलं, घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी आंबेहळद आणि तुरटीचा लेप आणला, आणि सासूबाईंनी फोनवरून एक पायाळू माणूस शोधून ठेवला, खरं तर पायाळूचा पाय लावतात तो कंबरेत उसण भरली तर, घोट्याला नाही, पण त्यांचा उत्साह बघून मी गप्प बसले. ऑर्थोच्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी केल्या. घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेवर दाबून कुठं दुखतं ते बघितलं आणि मला चार पावलं चालायला लावलं. लंगडत का होईना, चालले. त्यांनी एक्स-रे काढला नाही आणि माझा थोडा हिरमोडच झाला (एवढं दुखतंय आणि फोटोसुद्धा नाही!), नंतर कळलं की हे १९९२ साली कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी बसवलेले साधे नियम आहेत, हाडावर नेमक्या जागी दुखत नसेल आणि चार पावलं टाकता येत असतील तर फ्रॅक्चरची शक्यता फार कमी. म्हणजे हाड ठीक. लिगामेंट गेलं होतं, बाहेरच्या बाजूचं पुढचं, जे घोटा मुरगळला की बहुतेक वेळा पहिलं जातं.

क्रेप बँडेज, पाय उशीवर, तीन आठवडे. सूज उतरली, दुखणं गेलं, मी म्हटलं झालं बरं. इथंच मी चुकले, आणि माझ्यासारखे बरेच चुकतात असं आता बघते. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं आपण धरून चालतो.

तीन महिन्यांनी जिममध्ये, तोच पाय. काही पराक्रम करत नव्हते. स्टेप-अपचा सेट झाला होता, हातात डंबेल्स होती, ट्रेनर काहीतरी बोलला म्हणून मान वळवली आणि गुडघ्याएवढ्या बॉक्सवरून खाली उतरले. घोटा पुन्हा आत. सपाट रबर मॅटवर! तिथं ना साइडपट्टी ना खडी, कुणाला दोष द्यावा असं काहीच नव्हतं. त्या दिवशी मी चिडून रडले, दुखलं म्हणून नाही, तर एवढी ताकद कमावून पायाला बॉक्सवरून उतरता येत नाही म्हणून.

तेव्हा फिजिओकडं गेले आणि साडेचार सेकंदांची ती बातमी कळली.

तिनं समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. लिगामेंट म्हणजे नुसती दोन हाडं बांधणारी दोरी नाही. त्यात, सांध्याच्या आवरणात, स्नायूंत, सगळीकडं बारीक बारीक खबरे बसलेले असतात, ते मेंदूला सतत कळवत असतात की पाऊल आत्ता इतकं वाकलंय, भार इकडं गेलाय, सांभाळ. डोळे मिटूनही आपल्याला आपला हात कुठं आहे ते कळतं ते यांच्यामुळं. डोळे आणि कानाच्या आतल्या तीन अर्धगोल नळ्या हे त्यांचे जोडीदार. घोटा मुरगळतो तेव्हा दोरीबरोबर खबरेही जखमी होतात, दोरी सांधली जाते, पण खबर नीट पोचायला लागलेली नसते, आणि बाहेरून बघणाऱ्याला काय, सूज उतरलेली दिसते. हे नवीन नाही, फ्रीमन नावाच्या ब्रिटिश सर्जननं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ सालीच मांडलं होतं की मुरगळून गेलेला पाय पुन्हा पुन्हा दगा देतो त्यामागं हे कारण असू शकतं, आणि डगमगत्या फळीवर तोल सांभाळायचे व्यायाम दिले तर तो दगा कमी होतो. पुढं त्याच्या कारणमीमांसेवर पुष्कळ वाद झाले, पण फळी टिकली.

मला पटायला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. घोटा मुरगळायला सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. नडगीच्या बाहेरच्या बाजूला जे स्नायू आहेत ते पाऊल बाहेर खेचतात, म्हणजे वाचवायचं काम त्यांचं, पण पाऊल वळल्यावर खबर जाऊन हुकूम येऊन ते जोर धरेपर्यंत बऱ्याचदा खेळ संपलेला असतो. मग ताकद काय कामाची? तर पाऊल टेकायच्या आधीच ते स्नायू तयार असले पाहिजेत, पाऊल सरळ पडलं पाहिजे, आणि ही तयारी विचार करून होत नाही, ती सवयीनं होते. मी दोन वर्षं स्नायू वाढवले, तेही दोन्ही पाय जमिनीला चिकटवून, समोर आरसा, हातात दांडा, सगळं सरळ रेषेत. चालताना, पळताना, जिना उतरताना माणूस प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर असतो हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही.

फिजिओनं नेदरलँड्समधला २००९ सालचा एक अभ्यास सांगितला, मी तो नंतर शोधून वाचला. घोटा मुरगळलेले ५२२ खेळाडू घेतले, निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि निम्म्यांना त्याच्या जोडीला आठ आठवड्यांचा घरच्या घरी करायचा तोल सांभाळण्याचा कार्यक्रम, डोक्यावर कोणी उभं नाही, आपलं आपण करायचं. वर्षभरात पहिल्या गटात ३३ टक्के लोकांचा घोटा पुन्हा मुरगळला, दुसऱ्या गटात २२ टक्के. जादू नाही, व्यायाम करणाऱ्यांतसुद्धा शंभरातल्या बावीस जणांचा परत मुरगळलाच. पण घरात, फुकट, शंभरामागं अकरा घोटे वाचत असतील तर बँकेच्या भाषेत हा रिटर्न वाईट नाही.

तर सुरुवात झाली दात घासण्यापासून. सकाळी डावा पाय, रात्री उजवा. पहिले चार दिवस मी एका हातानं बेसिन धरून होते आणि तोंडातला फेस आरशावर. डाव्या पायावर बरं जमायचं, उजव्यावर पाऊल असं थरथरायचं की पावलाच्या आत कोणीतरी भांडतंय. फिजिओ म्हणाली थरथरू दे, तेच काम चाललंय.

एका रात्री माझं हे नाटक चाललेलं असताना आई मोरीत आली. आई ७२ वर्षांची, माझ्याकडंच असते. तिनं नळ सोडला, डाव्या पायावर उभी राहिली, उजवा पाय उचलून डाव्या पोटरीपाशी नेला, वाकून हातानं टाच घासली, पाय बदलला, दुसरी टाच घासली, कशाला धरलं नाही काही नाही, आणि वर माझ्याशी बोलत होती की उद्या भाजीला काय करायचं. मी ब्रश तोंडात धरून बघत राहिले. हे मी आयुष्यभर रोज बघितलंय आणि कधीच बघितलं नव्हतं.

तिला म्हटलं, आई, डोळे मिटून उभी राहा बरं. (मी शेजारी हात पसरून उभी, या वयात पडली म्हणजे संपलंच.) तिनं आठ सेकंद काढले. मग मला म्हणाली, "अगं, लंगडी कशी घालायचीस तू?"

लंगडी! आमच्या शाळेच्या पटांगणात मुलींची लंगडी चालायची तेव्हा एका पायावर अख्ख्या टीमच्या मागं धावायचं, वळायचं, झेपावून बाद करायचं आणि दुसरा पाय टेकला की आपणच बाद. आणि खो-खो. आई तिच्या शाळेच्या टीममध्ये होती, मी वर्गाच्या टीमपर्यंतच पोचले. पण खो-खो आठवला आणि माझ्या डोक्यात लखकन काहीतरी झालं, कारण फिजिओनं दिलेल्या कागदावर पुढच्या टप्प्यात जे जे लिहिलं होतं, एका पायावर उतरणं, वेगात असताना एकदम थांबणं, दिशा बदलणं, आवाज आला की वळणं, ते सगळं त्या खेळात एका मिनिटात होतं. आठ गडी एका रेषेत, एकाचं तोंड इकडं तर दुसऱ्याचं तिकडं, पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा एक दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय परतता येत नाही, आणि बसलेल्याला पाठीत थाप आणि "खो" मिळेपर्यंत माहीतच नसतं की आता उठायचंय. पळणारा तर कधी साखळीत नागमोडी, कधी हूल देऊन उलटा. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या पुरुषांच्या आणि बायकांच्या दोन्ही टीम जिंकल्या, आणि प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कॅप्टन महाराष्ट्रातले. आम्ही घरात त्या फायनल बघितल्या होत्या आणि मी त्यांचे सूर बघून ओरडत होते. आता पुन्हा व्हिडिओ लावून बसले तर सूर बघायचं सोडून मी त्यांचे गुडघे बघत होते. वळायच्या आधी ते बुटके होतात. दोन-तीन छोटी पावलं टाकून वेग खातात, कंबर खाली, गुडघा पंजाच्या रेषेत, मग वळतात. माझ्यासारखा नवशिका ताठ पायानं वळतो आणि सगळा झटका सांध्यावर घेतो. गुडघ्याच्या एसीएलची, म्हणजे सांध्याच्या आतल्या एका मोठ्या लिगामेंटची, दुखापतसुद्धा बहुतेक वेळा कोणी धडकल्यामुळं होत नाही, अशीच होते, एकट्यानं उडी मारून उतरताना नाहीतर वळताना गुडघा आत पडतो तेव्हा.

मग गच्ची. आमच्या गच्चीवर मी खडूनं ठिकऱ्यांची घरं आखली, दुकानात अ‍ॅजिलिटी लॅडर म्हणून जी पट्ट्यांची शिडी मिळते ती विकत घ्यावी लागते आणि खडू मुलाच्या दप्तरात असतो. एका पायावर उडी, थांबा, तीन मोजा, पुढची उडी. उतरताना आवाज होता कामा नये हा नियम. माझ्या पहिल्या उड्या ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, त्यांना वाटलं वाळवणाच्या मिरच्या कुटतेय. महिन्यानंतर त्या यायच्या बंद झाल्या, म्हणजे एकतर माझं उतरणं मऊ झालं किंवा त्यांनी नाद सोडला. फोमच्या पॅडऐवजी आईची जुनी गोधडी चार पदरी घालून तिच्यावर उभी राहायचे, मऊ असल्यामुळं पावलाला खालची जमीन नीट कळत नाही आणि सगळं अवघड होतं. एका पायावर उभं राहून पुढं वाकून जमिनीवरचा तांब्या उचलायचा, परत ठेवायचा, हे रिकाम्या तांब्यापासून भरलेल्यापर्यंत गेलं (दोनदा सांडला).

पण शिडीबद्दल एक म्हणते, रील्समध्ये पायांचं ते भरभर नाचणं बघायला छान वाटतं आणि मीही त्यात महिनाभर रमले, तरी ती चपळाई नव्हे, ती पाठ केलेली कविता आहे. पुढचा चौकोन कुठं आहे ते आधीच माहीत असतं. २००६ मध्ये दोन अभ्यासकांनी चपळाईची जी व्याख्या दिली आणि आता बहुतेक जण मानतात तिच्यात "एखाद्या इशाऱ्याला प्रतिसाद म्हणून" वेग किंवा दिशा बदलणं हे मुद्दाम घातलंय. रस्त्यावरचं कुत्रं सांगून आडवं येत नाही. म्हणून मी चिरंजीवांना कामाला लावलं. सातवीत आहे. मी गच्चीवर जागच्या जागी पळायचं, तो माझ्या पाठीमागं, त्यानं डावा-उजवा काहीतरी ओरडायचं किंवा नुसतं "खो" म्हणायचं आणि मी त्या क्षणी वळून समोरच्या टाकीला हात लावून यायचं. त्याला हे इतकं आवडलं की जेवताना, फोनवर बोलताना, मी हातात दुधाचं पातेलं घेऊन चाललेली असतानासुद्धा मागून "खो" यायला लागला. पातेल्याच्या वेळी त्याला धपाटा मिळाला.

जिममध्ये मी हे सांगितलं तर ट्रेनरनं तो निळा अर्धा चेंडू आणला, बोसू, आणि त्यावर उभं राहून वजन घेऊन स्क्वॉट करा म्हणाला. मी नाही केलं. डगमगत्या गोष्टीवर उभं राहिलं की तोल सांभाळण्यातच जोर जातो, ताकदीचं कामही पुरं होत नाही, आणि खांद्यावर लोखंड घेऊन पडायची हौस मला राहिलेली नाही. ताकदीचं काम ताकदीच्या जागी, तोलाचं त्याच्या जागी, आणि तोलाचं आधी, ताजं असताना. फुटबॉलवाल्यांचा फिफा ११ प्लस म्हणून वॉर्म-अप आहे, वीस मिनिटांचा, त्यात पळणं, ताकद, उड्या आणि एका पायावरचा तोल सगळं सरावाच्या सुरुवातीलाच आहे. नॉर्वेतल्या १३ ते १७ वयाच्या जवळपास १,९०० मुलींवर तो करून बघितला, २००८ मध्ये छापून आलं, एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी. आमच्याकडं अजून शाळेत मैदानाला दोन फेऱ्या आणि हात गोल गोल फिरवणं यालाच वॉर्म-अप म्हणतात, मुलाच्या शाळेच्या पालकसभेत मी हे बोलले तर सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की मी फी कमी करा म्हणालेय.

व्हॉट्सअ‍ॅपवर तो एक मेसेज फिरतो ना, दहा सेकंद एका पायावर उभं राहता आलं नाही तर तुमचे किती दिवस उरले वगैरे, तो आमच्या बँकेच्या ग्रुपवर आला आणि लंच टाइमला सगळे कॅश काउंटरमागं एका पायावर. मूळ अभ्यास खरा आहे, ब्राझीलमधला, २०२२ चा, ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांवरचा, त्यातल्या साधारण पाचातल्या एकाला ते जमलं नाही आणि पुढच्या वर्षांत त्या लोकांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. पण पाय उचलता येत नाही म्हणून माणूस मरत नाही हो, आधीपासून तब्येत ढासळलेली असते म्हणून पाय उचलता येत नसेल. आमच्या मॅनेजरना सहा सेकंद आले आणि त्यांनी दोन दिवस सुट्टी टाकली.

पुढच्या वर्षी मी हाफ मॅरेथॉन पळाले. वेळ सांगण्यासारखी नाही, उतारावर तर मला साठीतल्या एका आजोबांनी मागं टाकलं. घड्याळ घातलं नव्हतं. त्या वळणाशी आले तेव्हा छातीत धडधडायला लागलं, पावलं आपोआप छोटी झाली, आणि बघते तर साइडपट्टीवर मुरूम टाकून ती रस्त्याच्या बरोबरीला आणलेली. सपाट. वर्षभर मी ज्या खड्ड्याची तयारी करत होते तो खड्डाच नव्हता. मला चक्क राग आला.

परवा रात्री पावसात लाइट गेली. मी गच्चीवरचे कपडे काढून दोन्ही हातांत ढीग घेऊन जिना उतरत होते, अंधार असा की डोळे उघडे काय आणि मिटलेले काय. पायऱ्या मोजत आले आणि एक कमी मोजली. जमीन समजून टाकलेलं उजवं पाऊल खाली, आणखी खाली गेलं, पायरीच्या कडेवर वाकडं टेकलं, गुडघा आपोआप वाकला, कंबर खाली गेली, कपडे सगळे जिन्यात, आणि मी उभी. भिंतीला टेकून थोडा वेळ घोटा हलवून बघत राहिले.

"काय झालं गं?" आतून आईचा आवाज.

"काही नाही."

"मग मेणबत्ती आण की, देवापाशी आहे."